हिरामणदादाचा उजवा हात

काल्हेरचा हिरामणदादा साधा माणूस. इतका साधा, की राग येतो. कुणी सायकल अंगावर घातली तरी हाच विचारणार, "लागलं तर न्हाय ना?" आम्ही दोघं पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढायचो, एक्स-रेसारखे. २००५ साली पडघ्याजवळ पाण्याच्या लाइनवर ड्युटी होती. किरणं टाकणारा बारीक दाणा, त्याला आम्ही सोर्स म्हणतो, तो नळीतून पुढे पाठवायचा, फोटो निघाला की हँडल फिरवून मशीनमध्ये ओढायचा. मग तो आत आला का, हे किरणं मोजायचं मीटर लावून बघायचं, असा नियम. आम्ही शहाणे नुसते हँडलचे फेरे मोजायचो. मीटरचे सेल कधीच संपले होते.

त्या दुपारी मी मोजताना चुकलो. "आला आत," म्हणालो. दादाने नळी मुठीत धरली आणि पुढच्या जोडावर बांधत बसला. तीन-चार मिनिटांनी मी हँडलला हात लावला, तर ते अजून मागे फिरलं. म्हणजे सोर्स अजून दादाच्या मुठीतल्या नळीतच होता. सोर्स गुपचूप आत घेतला आणि मूग गिळून बसलो. दादाला काही कळलं नाही, कारण ही किरणं लागताना चटका बसत नाही.

बाराव्या दिवशी त्याच्या तीन बोटांना फोड आले. "बाइकचा सायलेन्सर लागला असंल," तो म्हणाला. मी म्हणालो, "असेल." तो एक शब्द आठवला की आजही स्वतःची लाज वाटते. भिवंडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पण जखम खोलच जात राहिली. पुतळाबाई वहिनी त्याला हाताने भरवायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, सोमवारी बोटं कापू. वहिनींचा फोन आला, "भावजी, तुमी या. तुमच्याबिगर कोन हाय आमाला?"

तेव्हा कुठे मी डॉक्टरांना गाठून खरं सांगितलं. "इतके दिवस काय करत होतास?" ते म्हणाले. कापणं थांबलं, दादाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे भाजणं आत महिनोन् महिने पसरतं. कुठवर गेलंय ते कळण्याआधी कापलं तर कापलेलंही भरत नाही. रोज हलक्या हाताने धुणं, मलमपट्टी, दुखण्याच्या गोळ्या, बोटांत रक्त खेळावं म्हणून औषध, आणि वाट बघणं. सात महिने गेले. बोटं आखडली, पण वाचली.

दादाला मात्र मी सांगितलं होतं, मशीन अडकलं असणार, माझ्या आत्ता ध्यानात आलं. त्याने मानलं.

परवा त्याच्या मुलीचा, रुचिकाचा साखरपुडा झाला. भर मांडवात दादा सगळ्यांना म्हणाला, "ह्या मनोजच्या ध्यानात आलं म्हनून माजी बोटं हायेत." आणि त्याच बोटांनी त्याने माझ्या तोंडात पेढा घातला. वहिनींनी डोळे पुसले.

मी पेढा खाल्ला.