पऱ्हाटीच्या काडीचं माप

चपट्या दगडाची चकती खुंटीजवळ फेकायचा जुना खेळ आमच्या गावच्या मंडळाने पुन्हा सुरू केला. शेवटच्या डावात माझी आणि देवळीच्या एका म्हाताऱ्याची चकती बरोबरीने पडली. रिवाज असा, की समोरच्याचं अंतर आपण मोजायचं. त्याने माझं अंतर पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काडीने मोजलं आणि तेवढीच काडी मोडून माझ्या हातात दिली. ती लावताना माझं बोट लागून त्याची चकती खुंटीपासून केसभर मागे सरकली. कोणाला दिसलं नाही.

"कोनाची जवळ हाये?" त्याने विचारलं.

"माझी."

"तू सांगतलं म्हणजे खरंच असन, बापू."

त्याने वाकून का पाहिलं नाही, याचाच मला त्याच्यावर अजून राग आहे.