दोन प्यादी जास्त असताना

त्या अर्ध्या गुणाबद्दल कुणी अभिनंदन केलं की आजही माझं डोकं फिरतं.

कामोठ्यातल्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा होती. माझं रेटिंग साडेबाराशे, समोरच्याचं दोन हजारांच्या वर. वयाने तो माझ्याहून लहान, पण सगळे त्याला सर म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. निघताना बाबांना सांगून आलो होतो, आज एका मोठ्या खेळाडूला पाडतोच. खेळ मला त्यांनीच शिकवला. मी असा एक तरी डाव जिंकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

सरांनी मला किरकोळीत काढलं. पटकन चाल खेळायचे आणि उठून दुसऱ्यांचे डाव बघायला जायचे. त्या मस्तीत त्यांनी दोन प्यादी घालवली. मग मात्र मुकाट्याने खुर्चीत बसले. दोघांचा एकेक हत्ती उरला होता, माझी दोन प्यादी जास्त, आणि त्यांच्या घड्याळात जेमतेम तीन मिनिटं.

तेवढ्यात ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, डाव सोडला! तळोज्याच्या कंपनीत माझी वीस वर्षं गेली आहेत. तिथे साहेबांनी हात पुढे केला की आम्ही तो दोन्ही हातांनी धरतो. तसाच धरला.

“ड्रॉ ना?” सर म्हणाले, आणि कागदावर अर्धा-अर्धा लिहूनही टाकलं.

पंच दोन टेबलं सोडून उभे होते. त्यांना बोलवायचं होतं, भांडायचं होतं. मी काय म्हणालो? “हो, सर.” वर सहीसुद्धा केली.

बाहेर लोक पाठ थोपटत होते. “एवढ्या मोट्या प्लेअरला अडवलं तुमी! पार्टी पायजे!” शेजारी सर चहा पीत कुणाला तरी सांगत होते, म्हटलं जाऊ दे, काकांना बरं वाटेल. माझे कान तापले. लबाड माणूस! तरी निघताना मी त्यांना “येतो, सर” म्हणालोच. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी बाबा ओट्यावर बसून होते. “जितलास?”

“बरोबरी झाली.”

त्यांनी पट आणायला लावला. मी शेवटची स्थिती मांडली. त्यांनी बोटाने माझी प्यादी मोजली.

“ही तर तुजी बाजी हाय. सोरलीस कशाला?”

“सरांनी हात पुढे केला होता,” मी म्हणालो.

“हात त्यानं केला. धरला कोनी?”