आसेगावातली एडिंबरोची टोपी

दसऱ्याला आसेगावात सोनं लुटायला सारा गाव देवळापुढं जमे. पण त्याआधी एक रांग जानराव डाक्टरांच्या ओसरीपुढं लागायची. त्या त्या साली पहिल्यांदाच पाटी हातात घेतलेली पोरं आपापल्या आयांचे पदर धरून उभी असत. एकेक पोर पुढं यायचं, जानराव आपली काळी विलायती टोपी त्याच्या डोक्याला टेकवायचे आणि आई समाधानानं म्हणायची, "झालं बापा! आता इद्या चढली."

आणि दरवेळी जानरावांना वाटायचं, या ओसरीनं दुभंगावं आणि आपल्याला पोटात घ्यावं.

कारण जानराव डाक्टर नव्हते. ही गोष्ट आसेगावात फक्त त्यांनाच ठाऊक होती.

वडलांनी, पुंजाजींनी, कापसाला चांगला भाव होता त्या दिवसांत त्यांना विलायतेत एडिंबरोला डाक्टरी शिकायला धाडलं. बोटीत बसलेला गावातला हा पहिला माणूस. युरोपात लढाई पेटली त्याच साली ते परतले, आणि सारा गाव ओसरीवर लोटला.

"सांग नं जानराव, कशी हाय तुही शाळा?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्या लाजऱ्या माणसाला प्रेक्षक मिळाले होते. आवाज चढला, हात हलू लागले. त्यांनी सांगितलं, ती शाळा शहराच्या नगरसभेनं काढलेली, तिला सव्वातीनशे वर्षं होऊन गेली. सुरुवातीला एकच मास्तर. मग धर्म, कायदा, तत्त्वज्ञान, वैद्यक, साऱ्या विद्या एकेक करून दाखल झाल्या. शरीर शिकवायची जागा तर थेट नाटकगृहच. पायऱ्यापायऱ्यांची बैठक, मधोमध टेबल आणि टेबलावर मढं.

"मढं? कोनाचं रे?" आई गोजराबाईनं तोंडाला पदर लावला.

"पयले फाशी गेलेल्यायचं राहे, माय."

"आन् मंग आंघोळ करत व्हते का नाई तुमी?"

ओसरी हसली. जानराव आणखी रंगले. पास झालेल्यांच्या डोक्याला तिथले मुख्य गुरू एक जुनी टोपी लावतात, आणि ती टोपी म्हणे कुण्या जुन्या धर्मगुरूच्या विजारीच्या कापडाची आहे, असं त्यांनी सांगितलं.

रामराव पाटलांनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हंजे विजार डोक्शावर? आन् त्याच्यासाठी पुंजाजीनं येवढा कापूस इकला?"

पुन्हा हशा. तेवढ्यात गोजराबाईची नजर खुंटीवरच्या काळ्या टोपीवर गेली. ती उठली, टोपीला हात लावून तिनं तो हात कपाळाला टेकवला. "हेच का रे ते? हेच लावली तुया डोक्याले?"

टोपी एका दुकानातली होती, भुरभुर पावसासाठी घेतलेली. खरी टोपी जानरावांनी पाहिली होती ती गॅलरीत बसून, मित्राच्या डोक्याला लागताना. ते स्वतः शरीररचनेत पुन्हा पुन्हा नापास झाले होते. तोंडी परीक्षेत साहेबानं तळहातावर एक चिमुकलं हाड ठेवलं आणि विचारलं, उजव्या हाताचं की डाव्या? जानरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तसंच परत दिलं.

नाटकात एखादा नट वाक्य विसरला तर समोरचा सांभाळून घेतो. इथं समोर आई होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. जानराव गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातूनच पुढं पोरांच्या डोक्याला टोपी टेकवायची रीत पडली. आजारी माणूस दाराशी आला की ते म्हणायचे, "वाशीमच्या दवाखान्यात घिऊन जा, इथं थांबू नोका." लोक म्हणायचे, "येवढा शिकला, पन गर्व नाई."

गोजराबाई त्याच समाधानात गेली.

या टोपीखालून गेलेल्या पोरांतला एक, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या फुलसिंगचा प्रेमसिंग, मॅट्रिक झाला आणि नागपूरच्या डाक्टरी शाळेत त्याचं नाव लागलं. निघायच्या सकाळी तो आईबापांसह ओसरीवर आला. त्याच्या आईनं, रामीबाईनं, आरशांची ओढणी नीट केली आणि पोराला पुढं ढकललं. बघायला गाव जमला. जानरावांनी खुंटीवरची टोपी काढली.

"डाक्टरसायेब," प्रेमसिंगनं डोकं झुकवत विचारलं, "तिथं टोपी लागली तवा तुमाले कसं वाटलं? मी बी आता तसंच मनात आनतो."

टोपी हवेत थांबली.

"मले ते लागलीच नाई, प्रेमसिंग."

"सायेब मस्करी करून राह्यले," फुलसिंग हसला.

"नाई फुलसिंग. मी नापास झालो. हे टोपी बजारातली हाय. पावसाची."

मग रामीबाईचा आवाज आला, अगदी हळू. "मंग माया लेकराच्या डोक्शावर तुमी त्या दसऱ्याले काय ठेवलं व्हतं?"

तिनं ओढणीच्या टोकानं पोराचं डोकं पुसलं, धूळ झटकावी तसं, आणि त्याला घेऊन ती निघून गेली.

"विजार तरी खरी असती!" रामराव पाटील म्हणाले. यावेळी कुणी हसलं नाही, आणि जानरावांना तेच जास्त लागलं.

त्या दसऱ्याला रांग लागली नाही. पुढच्या वर्षीही नाही. जानराव सवयीनं ओसरी झाडून दाराशी बसले होते. तोच परसदाराकडून कुणीतरी आलं. सुट्टीवर आलेला प्रेमसिंग. त्यानं आपट्याचं पान जानरावांच्या हातात ठेवलं, पण पायाशी वाकला नाही. बरोबरीच्या माणसाला भेटावं तसा गळ्यात पडला आणि बराच वेळ सुटेना.

"शरीररचनेत नापास झालो," तो खांद्यावरच पुटपुटला. "हाड हातात देल्लं, अन् सारंच इसरलो. आईले कसं सांगू? गावात आपलं नापास होनं सांगनारा मानूस तुमीच एक हाये."

जानरावांनी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "मी माया मायले सांगतलं नाई. ते गेली, अन् सांगाचं तसंच राहून गेलं. तू आजच सांग. चाल, मी येतो संगं."

उठताना हात सवयीनं खुंटीकडं गेला आणि तिथूनच परत आला. आसेगावात कर्ता पुरुष बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडत नसे, तरी ते तसेच निघाले. देवळापुढची माणसं वळून वळून पाहत होती. जानरावांनी मान खाली घातली, पण पाय थांबू दिले नाहीत.

तांड्यावर रामीबाई दारातच उभी होती. प्रेमसिंगनं सांगितलं, अडखळत, पण सगळं. जानराव त्याच्या शेजारी उभे होते. गेल्या वेळी आपल्या शेजारी कुणी नव्हतं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रामीबाई पोराकडं पाहत राहिली. मग तिची नजर त्या दुसऱ्या, पिकल्या, उघड्या डोक्यावर गेली.

"ऊन लागीन," ती म्हणाली. "बोडक्यानं उभे नोका राहू. आत या, दोघं बी."