सिंगापूरच्या भुयारातला हात

मैत्रिणींनो, सायबर कॅफेतून लिहितेय.

आज ट्रेनिंगला सुट्टी होती, म्हणून माझ्याबरोबर ट्रेनिंगला आलेल्या रोह्याच्या नसीमासोबत इथलं महायुद्धातलं भुयार बघायला गेले. आत अचानक दिवे गेले. मी नसीमाचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात लांबून नसीमाचीच हाक आली, “कुठं हायस गो?”

मग हा हात कोणाचा? गार, कडक.

दिवे आले. तो सैनिकाचा पुतळा होता.

“पेणची तू, गणपती बघत वाढलीस, नि मूर्तीला घाबरलीस व्हय?” नसीमा हसली, पण बाहेर येईपर्यंत तिनंही माझा हात सोडला नाही.

युद्धात या अंधारात आपल्याकडचा कुणी शिपाई अडकला असेल, तर त्याच्या हाकेला कुणी त्याच्या बोलीत ओ दिली असेल का?