चार मिनिटं शिल्लक होती

भामरागड तालुक्यातल्या कॅम्पवर मी हेड कॉन्स्टेबल, मोटर मेकॅनिक होतो. गाड्या अकरा, त्यात ॲम्ब्युलन्स एक. सकाळी सहाला बॅटऱ्या, साडेसहाला बेल्ट, सातला चहा. प्रत्येक गाडीची वही वेगळी.

तपासणीला वरिष्ठ येणार होते. वर्कशॉपच्या इन्स्पेक्टर साहेबांनी ॲम्ब्युलन्सच्या टपावर सहा मोठे दिवे बसवायला सांगितले. गोंडपिपरीचा कॉन्स्टेबल दिलीप शिडी धरून उभा होता.

"भाऊ, हे ॲम्ब्युलन्स हाये का वरात? आतला पेशंट उठून नाचन ना!"

हसून झाल्यावर मी यादी केली. इंजिन १०, हेडलाइट १०, वायपर ५, ब्लोअर १२, वायरलेस ५, इन्व्हर्टरवरचं ऑक्सिजन मशीन २५. बेरीज ६७ अँपिअर. नवे दिवे २७. एकूण ९४. इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या प्लेटवर ९० लिहिलेलं होतं, पण ते गाडी पळताना. उभ्या गाडीत, आयडलवर, मीटरने ४५ दाखवले. बाकीचं सगळं बॅटरीतून जाणार होतं.

यादी साहेबांपुढे ठेवली. मोठा अल्टरनेटर मागितला. तो नसेल तर दिव्यांना वेगळा स्विच.

"स्विच दिला की ड्रायव्हर विसरतो. चावी फिरली की दिवे लागले पाहिजेत. प्लेटवर नव्वद आहे ना? चार अँपिअरनं काय बिघडतं?"

यादीखालीच त्यांनी लिहिलं, 'थेट जोडा', आणि सही केली. मी थेट जोडले. वायर माझ्याच हातची.

तपासणी छान झाली. पुढे ऑगस्टमध्ये दिलीपला मलेरिया झाला आणि तो छातीत उतरला. सकाळी अकराला ॲम्ब्युलन्स निघाली. सिलिंडर संपत आला होता, म्हणून त्याला मशीनवर ठेवलं. ११.२० ला पुलावर पाणी आलं. गाडी थांबली. पलीकडून ऑक्सिजन घेऊन बोट निघाली होती. मी कॅम्पवर वायरलेसपाशी बसलो होतो. ११.४१ ला ड्रायव्हरचा आवाज आला.

"भाऊ, मशीन पीं-पीं करून राह्यली. ओव्हर."

"टपावरच्या दिव्यांची वायर तोड. एक्सिलरेटर दाबून धर. ओव्हर."

उत्तर आलं नाही. ११.४२ ला, गाडी थांबल्यापासून बाविसाव्या मिनिटाला, सेट गेला होता. इन्व्हर्टरही गेला, मशीन थांबलं. घाबरून ड्रायव्हरनं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला पाहिलं. सेल्फ फिरला नाही.

दिलीप ११.५५ ला गेला. बोट १२.०५ ला लागली.

त्या संध्याकाळी मी आकडे पुन्हा मांडले. ते सहा दिवे नसते, तर त्याच बॅटरीवर मशीन १२.०९ पर्यंत चाललं असतं.

चौकशीत यादी दाखवली. अहवालात आलं, 'जुनी बॅटरी'. यादी परत मिळाली. खाली एक ओळ आणि माझी सही वाढवून मी ती लॅमिनेट केली.

निवृत्तीनंतर चंद्रपुरात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. गेल्या महिन्यात भर दुपारी एक नवी गाडी दारात थांबली. इन्स्पेक्टर साहेबच होते, आता निवृत्त. त्यांनी मला ओळखलं नाही. दिवे, अँप्लिफायर आणि छोटा फ्रिज घेऊन आले होते.

"लोड तपासावा लागेल," मी म्हणालो. "गाडीतच बसा."

आणलेलं सगळं तात्पुरतं जोडलं. एसी, ब्लोअर, हेडलाइट चालू. इंजिन आयडलवर. व्होल्टमीटर त्यांच्यासमोर टांगला.

"अजून किती वेळ?"

"बावीस मिनिटं."

काटा खाली येत राहिला. ते बघत राहिले. बावीस झाल्यावर मी चावी बंद केली.

"आता सेल्फ मारा."

टक. टक. एसी बंद, काचा वर, बाहेर मे महिना. त्यांनी कॉलर सैल केली. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली लॅमिनेट केलेली यादी मी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. स्वतःची सही त्यांनी लगेच ओळखली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ऑर्डर माझी होती," ते म्हणाले. "पण तू तरी का जोडलेस?"

"म्हणून माझी सहीही खाली आहे. शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं. मग चार्जर लावतो."

"कॉन्स्टेबल दिलीप, गोंडपिपरी. ११.५५."

"परत."

चार वेळा वाचायला लावली. चारही वेळा त्यांनी ती वाचली.

मग चार्जर लावला. दिवे बसवले नाहीत. यादी पुन्हा खिळ्याला टांगली. तिच्या शेजारी दिलीपचा एकच फोटो आहे. शिडी धरलेला, टपाकडे बघून हसणारा.