चिलखताला ढील हवी

कोपरच्या तानाजी शेलारांना कुणी विचारलं, की काका, हे चिलखताचं खूळ कुठून डोक्यात शिरलं, तर ते आधी हात जोडत आणि मग नाव घेत. सुहासिनीबाई! देवाच्या आधी बाईंचं नाव, आणि त्यावरून बायकोची बोलणीही खात.

माणसाचं काय झालं, की उभा जन्म मानपाड्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर पत्रा कापण्यात गेला. कारखाना बंद पडला, तसे तानाजीराव घरी बसले आणि बायकोच्या, कलावतीच्या फोडणीत नाक खुपसायला लागले. जिरं जळतंय, गॅस बारीक कर. कलावती नुसती वैतागलेली. नेमक्या त्या सुमाराला वर्तकनगरच्या या सुहासिनीबाई, निवृत्त शिक्षिका, पत्ता शोधत दारात उभ्या राहिल्या. त्यांचा एक ग्रुप होता, जुन्या काळच्या लढवय्यांचे पोशाख घालून शाळाशाळांतून लढाईची प्रात्यक्षिकं करणारा.

"भाड्याची चिलखतं प्लास्टिकची मिळतात, वर चंदेरी रंग फासलेला. मुलं हसतात हो," असं म्हणून त्यांनी एक चित्र पुढे केलं. बोटभर लांबीच्या पत्र्याच्या पट्ट्या, एकीवर एक चढलेल्या, दोरीनं ओवून अंगरख्यासारख्या बांधलेल्या.

तानाजीरावांनी पहिलं चिलखत केलं ते रिव्हेट मारून. प्रेसवाला गडी, त्याला दोरीचं काय कौतुक! ते घालून माणूस चालायला लागला की भांड्यांची पाटी सांडल्यासारखा आवाज. तानाजीरावांना वाटलं, आता बाई झापणार. बाई म्हणाल्या, "छान. आता दोरीनं करून बघू." आजवर कुठल्या साहेबानं असं शांतपणे पुन्हा करू दिलं होतं? तानाजीराव हट्टाला पेटले आणि शिकले. मेण लावलेली दोरी, चांभाराचं दाभण, आणि गाठ मारताना सोडायची ती किंचित ढील. अंग वाकलं की पट्ट्या एकमेकींवर सरकल्या पाहिजेत, सगळी गंमत त्या ढिलीत. ठाण्यात, डोंबिवलीत त्यांच्या चिलखतांचं नाव झालं.

आणि गेल्या दिवाळीनंतर झटका आला. उजवी बाजू गेली. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात मात्र रुसून बसला. बोटं जेमतेम हलत, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला तर चहाचा गरम कप टेकला तरी पत्ता नसे. डॉक्टर म्हणाले, जाणीव येईलही, वापरत राहा. येईलही, म्हणजे नाहीसुद्धा. ते तानाजीरावांना बरोबर कळलं.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ग्रुपमधली समीक्षा घोड्यावर बसणार होती. तिच्या चिलखताच्या पट्ट्या झटक्याआधीच कापून, भोकं पाडून डब्यात पडल्या होत्या. राहिलं होतं ते ओवणं. तानाजीरावांनी फोन लावला. "बाई, दुसरं कोणी बघा. माझा हात गेला."

"दुसरं कोण आहे? मी थांबते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून हा गडी भिंतीकडे तोंड करून रडला. हे चिलखत अर्धवट राहिलं तर आपण पुन्हा दाभण धरत नाही, असं त्यानं मनाशी घेतलंच होतं.

कलावतीनं ते रडणं पाहिलं. ती स्टेशनबाहेर फुलवाल्या रंगूबाईच्या गादीवर बसून हार-गजरे बांधायची. वर्षानुवर्षं बांधलेले. ओवायचंच आहे ना, त्यात काय एवढं! नवरा व्यायामाला दवाखान्यात गेला की दोघी डबा उघडायच्या. बोटं कापली, चिंध्या गुंडाळल्या, पण त्याला कळू दिलं नाही. आणि एका सकाळी अख्खं चिलखत त्याच्या मांडीवर ठेवलं.

बाई समीक्षाला घेऊन आल्या, रंगूबाईही बघायला आली. चिलखत चढलं. पोरगी उभी राहिली ती राहिलीच.

"काका, मला वाकता येत नाहीये," ती म्हणाली. "हातपण वर जात नाही. मी काय ड्रम आहे का?"

सगळे हसले. तानाजीरावांनी एक गाठ चाचपली आणि त्यांना उमगलं. प्रत्येक गाठ गजऱ्याची! करकचून आवळलेली, कळी हलू न देणारी. आता हे सांगायचं कसं? बायकोच्या बोटांवरच्या चिंध्यांकडे बघून त्यांचा जीव गलबलला. "चालेल, चालेल," ते पुटपुटले.

"डोंबल चालेल!" कलावती म्हणाली. "खोटं नका बोलू. काय चुकलं ते सांगा."

"ढील हवी गं."

"फुलाला ढील दिली तर हार रस्त्यात सुटतो. मला काय ठाऊक तुमच्या पत्र्याचं?" आणि तिनं स्वतःच कात्री घेतली. रंगूबाईनं कपाळावर हात मारला, पण तीही उसवायला बसली. बाई खाली सतरंजीवर बसल्या.

ओवणं पुन्हा सुरू झालं, पण कलावतीच्या हाताची सवय जाईना. ढील सोडते म्हणायची आणि आवळायची. शेवटी तानाजीरावांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि ते मेलेलं बोट पट्टी आणि दोरीच्या मध्ये सारलं.

"ओढ आता. बोट काढलं की उरेल तेवढी ढील."

"लागेल तुम्हाला."

"लागायला कळायला हवं ना! ओढ."

मग तसंच चाललं. बोट घाल, ओढ, गाठ, बोट काढ. ओळ चढत गेली. समीक्षानं मध्येच अंगाला लावून पाहिली तर ओळ लवलवत वाकली. तानाजीराव बघत राहिले. आपल्या घरात या बायका आपल्यासाठी बसल्यात, हात कापून घेतायत. कसं फेडणार हे? फिटायचं नाहीच, आणि न फिटलेलंच बरं, असं त्यांना वाटलं.

शेवटच्या ओळीला कलावती गप्पांच्या नादात जुन्या सवयीनं दोरीला हिसका देऊन बसली.

"आई गं!" तानाजीराव ओरडले.

"काय झालं?"

"दुखलं."

"कुठे?"

ते बोटाकडे बघत होते. दोरीखाली बोट लाल झालं होतं. कलावतीच्या हातातलं दाभण खाली पडलं. ती घाबरून दोरी सैल करायला गेली, तसा त्यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला.

"सोडू नको," ते म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. "कला, अजून एकदा ओढ."