दोन इंचांचा समुद्र

माझ्या मेव्हण्याने मला फसवले. बायकोच्या सख्ख्या भावाने, माझ्याच घरात, माझ्याच दुकानातल्या कापडावर. ह्यात पैशाचा संबंध नाही. पैशाने मला फसवणे सोपे नव्हते, हे मालवणच्या बाजारात कोणालाही विचारावे. डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन मी गावोगाव हिंडलो आणि त्यातून दुकान उभे केले. खारेपाटणपासून इन्सुलीपर्यंतच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस केली आणि दर वेळी वर राहूनच परतलो. म्हणूनच ही गोष्ट अजून घशात अडकून आहे.

मेव्हणा परदेशी मालबोटीवर कारकून होता. गज जाऊन मीटर आला, त्या सुमारास तो पावसाळ्यात लांब रजेवर आला. येताना बिस्किटांच्या डब्यातून दोन डझन कथलाचे शिपाई घेऊन आला. बोटीवरचा एक गोरा अधिकारी जेवणाच्या टेबलावर चौकटी आखलेला कागद पसरून त्यांची लढाई खेळायचा आणि त्यानेच मेव्हण्याला ती शिकवली होती. एका घरात एकच शिपाई. एका पाळीत शिपायाने दोन घरे चालायची, तोफेचा मारा आठ घरांपर्यंत. मारा लागला की नाही, हे फासे टाकून ठरवायचे. फासे बोटीवरच राहिले होते, म्हणून आम्ही कवड्या घेतल्या.

पहिली लढाई आम्ही वर्तमानपत्रावर पेन्सिलीने रेघा मारून खेळलो. मी हरलो, पण गोडी लागली. दुकान चालवणाऱ्याला ह्या खेळातले सगळे आधीच येत असते: समोरचा काय लपवतो आहे, कुठे ताणायचे, कुठे सोडायचे. मी म्हटले, खेळायचे तर नीट नकाशावर खेळू. आपल्याच किनाऱ्याचा नकाशा करू. अर्धा समुद्र, अर्धी जमीन. मेव्हण्याने पैज घातली की मोठी लढाई जो जिंकेल, नकाशा त्याच्या घरी जाईल. मी लगेच हो म्हणालो.

शिपाई कमी पडत होते, म्हणून सावंतवाडीला गेलो. लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्याला चाळीस शिपाई सांगितले, रंग न दिलेले.

"रंगाशिवाय?" तो म्हणाला. "मगे तीं लाकडां झाली. शिपाय खंय?"

"रंग मी देतलंय. तू फकत टोपी काढ."

"टोपयेक लाकूड जास्त लागता."

"डोक्यातला काढ आनि टोपयेक लाव. शिपायाक डोक्या कित्याक होया?"

तो इतका हसला की दर माझ्या मनासारखा झाला. वर एक शिपाई फुकट मिळाला. त्याला मी सेनापती केले.

नकाशासाठी मांजरपाट घेतला. त्याचा पन्हा एका नकाशाला पुरेना, म्हणून दोन तुकडे काठाला काठ लावून शिवायचे ठरले. खालचा तुकडा समुद्र, वरचा जमीन, आणि मधल्या शिवणीवर किनारा. समुद्र मेव्हण्याने आखायचा, कारण त्याने तो पाहिला होता. जमीन मी आखायची, कारण मी ती पायांनी तुडवली होती. कोरे कापड आटते हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत असे, म्हणून दोन्ही तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवले, खळ काढली, सुकवले, आणि पातळ पेजेत बुडवून कडक केले. त्यावर तळहात फिरवला की पापडावर फिरवल्यासारखा वाटे.

रेघा पट्टीने मारायच्या नाहीत, हे मी होड्या बांधणाऱ्या सुतारांकडे पाहून ठरवले. ते दोरा काजळात बुडवतात, दोन्ही टोकांना ताणून धरतात, मधे उचलतात आणि सोडतात. रेघ बाणासारखी पडते. एक टोक मी धरले, दुसरे बायकोने.

"अवो, वढा तरी, नायतर सोडा," ती म्हणायची. "माझो भात चुलीर आसा."

"हलू नको. रेघ वाकडी जायत."

"मी हलतंय? तुमी शिंकलात."

चौकट केवढी, हा प्रश्न सुरुवातीलाच आला होता. मेव्हण्याकडे बोटीवरची इंचाची लाकडी पट्टी होती, त्याने समुद्राचे घर दोन इंचांचे धरले. माझ्याकडे दुकानातली सरकारी शिक्का मारलेली मीटरची सळई होती, नवीकोरी. मी विचारले, माझ्या सळईवर किती धरू? तो पानाला चुना लावत म्हणाला, "भावोजी, कित्याक डोक्याक ताप? पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. येकच. बोटीर आमी तसाच धरतव."

त्या दिवसांत माझ्या दुकानात हाच वाद रोज चाले. बायका म्हणायच्या, मीटर लावून लुटता. मी सळई आणि गज शेजारी शेजारी धरून दाखवायचो की बाई, मीटर गजापेक्षा तीन इंचांनी मोठा आहे, तुला जास्तच मिळते. साऱ्या बाजाराला मी गजामीटरचा फरक समजावून सांगत होतो. पण घरात, पाटावर बसून, बायकोच्या भावाने सांगितले तेव्हा मी सळई पट्टीला लावून बघितली नाही. घरच्या माणसाचे माप तपासायचे नसते, अशी आमच्याकडे समजूत. ती मी पाळली.

लांबीला तीस घरे, तीस पाळ्या दोरा. मग डोंगर, माड, वाडी, खाडी. हिरवा रंग पानांचा, तपकिरी काताचा. ह्या कामात माझा अख्खा श्रावण गेला. दुकानात गिऱ्हाईक आले की मी काळ्या बोटांनी छापील लुगडी उलगडायचो आणि शिव्या खायचो. माझ्या ओटीवर मशीन घेऊन बसणाऱ्या शिंप्याने दोन्ही तुकडे जोडले. मग मेव्हण्याने शिवणीवर किनाऱ्याला लागणाऱ्या लाटांचा फेस काढला, चुन्याने, दोन बोटे रुंद, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. देखणा काढला होता. मीच तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

लढाई गौरी गेल्यावर झाली. ओटीवर आळीतली दहा-बारा माणसे उभी. मेव्हणा समुद्रातून होड्यांत शिपाई घालून येणार, मी जमीन राखणार. समुद्राच्या काठच्या घरांत सगळीकडे खडप, म्हणजे पाण्यातले कातळ रंगवलेले, होडीला बंदी. उजव्या बाजूला ओळीने पाचच घरे मोकळी. होडीने आपल्या घराला भिडलेल्या जमिनीच्या घरात उतरायचे, असा नियम. मी त्या पाच घरांसमोर पाच शिपाई उभे केले. दार बंद. बाकीची माणसे मागे वाडीत ठेवली, सेनापतीसकट. दुपारपर्यंत त्याच्या चार होड्या मी कवड्यांवर बुडवल्या. लोक माझ्या बाजूने ओरडत होते.

पाचवी होडी त्याने त्या पाच घरांतल्या शेवटच्या, उजव्या घरात आणली. आणि शिपाई उचलून माझ्या पाचव्या शिपायाच्या पलीकडे, सहाव्या घरात ठेवला.

"ह्या कसा?" मी ओरडलो. "तुझ्यासमोर माझो मानूस उभो आसा!"

"बघा ना. माझ्या होडयेक सहावा घरय लागता."

मी वाकून बघितले. फेसाच्या खालची उभी रेघ आणि वरची उभी रेघ एकमेकींसमोर नव्हत्या. बोटभर सरकल्या होत्या. त्याच्या होडीचे घर माझ्या पाचव्या घराला भिडत होते आणि सहाव्यालाही. नियमाप्रमाणे तो बरोबर होता.

तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "भावोजी, तुमची रेघ वाकडी गेली. जमीन तुमी आखलास. कापाड मापूची सवय, रेघ मारूची नाय. जाता कधी कधी."

लोक हसले. मला राग आला, पण तो स्वतःच्या हाताचा आला. वाटले, खरेच दोरा हलला असेल. शिंकलोही होतो. सहाव्या घरातून त्याची माणसे एकामागून एक आत आली, माझे पाच जण समुद्राकडे तोंड करून उभेच राहिले, आणि मागून वाडी गेली. नकाशा गुंडाळून मी माझ्या हातांनी त्याला दिला. दोन दिवसांनी तो फोंडाघाटाच्या रस्त्याने कोल्हापूरमार्गे मुंबईला गेला. नकाशा त्याच्या वळकटीत.

आठवड्याने शिंपी काज करता करता म्हणाला, "शेट, त्या कापडाच्यो रेघो शेवटाक जुळत नाय हुत्यो. डावीकडसून बरोबर, मगे सरकत गेल्यो. मी तुमच्या मेवण्याक दाखयल्लंय. ते म्हणाले, शिव तू, मी वरसून फेस काढतंय."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमका म्हायत आसतला असा वाटला. तुमी कापडवाले."

मी सळई घेतली, मेव्हणा विसरून गेलेली लाकडी पट्टी घेतली, आणि दोन्ही शेजारी धरल्या. पाच सेंटिमीटर दोन इंचांना किंचित कमी पडतात. एका घराला कळतही नाही. तीस घरांना जवळजवळ अर्धे घर होते. माझी रेघ बाणासारखी होती. त्याचीही होती. फक्त समुद्र दोन इंचांचा होता आणि जमीन पाच सेंटिमीटरची, आणि जो माणूस बोटीवर दोन्ही मापांत माल मोजत होता, त्यानेच मला येकच म्हणून सांगितले होते. ते चुकून सांगितले असे मानायला मी आजही तयार आहे. पण शिंप्याने रेघा दाखवल्या त्या दिवशी त्याला कळले. त्याने दोरा परत मारला नाही. फेस काढला.

मी पत्र लिहिले. उत्तर आले की खेळ खेळासारखा घ्यावा. पुढच्या रजेत तो आला तेव्हा मी चहाचा कप हातात देण्याआधीच विचारले. तो हसला. "भावोजी, तुमी वेपारी मानूस. मोजून घेवचा हुता."

बायको मधे पडली. "माझो भाव काय चोर आसा?"

"चोर नाय. चोर बरो. तो घेता आनि पळता. दुसऱ्याचो हात वाकडो म्हणान सांगणा नाय."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून दोऱ्याचे टोक धरायला बसली. कारण मी दुसरा नकाशा सुरू केला होता. सगळा एकट्याने, समुद्रासकट, एकाच सळईने, आणि रेघ मारण्याआधी शिंप्याकडून शिवून घेतलेल्या अखंड कापडावर. दर पाच घरांनी मोजून पाहिले. शिवणीवर फेस काढला नाही, रेघा उघड्या ठेवल्या. तो नकाशा पूर्ण झाला तेव्हा मी मेव्हण्याला खेळायला बोलावले. त्या वर्षी त्याला मुंबईत काम निघाले. पुढच्या वर्षी पाठ दुखत होती. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला, जेवला, नकाशा बघून छान म्हणाला, आणि कवड्या हातात घेतल्या नाहीत. मी मात्र दर पावसाळ्यात तो उलगडतो, पेजेचा हात देतो, शिपाई मांडतो. आळीतली माणसे माझ्याशी खेळतात आणि बहुतेक वेळा हरतात.

पहिला नकाशा मला परत नको. तो पैजेत गेला, आणि पैज मीच मान्य केली होती. पण मेव्हण्या, त्या दिवशी ओटीवर जे लोक हसले, त्यांतले काही अजून हयात आहेत. शिंपी आहे. तुझी बहीण आहे. त्यांच्यासमोर ये आणि सांग: शिंप्याने रेघा दाखवल्या तेव्हा तुला ठाऊक होते की नव्हते? आणि ठाऊक होते, तर माझा हात वाकडा आहे असे तू कोणत्या तोंडाने म्हणालास?